तीन सुतळ्या

शनिवारी दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. आठही व्हॉल्वच्या फटी फिलर गेजने मोजून वहीत लिहून ठेवल्या. एकही मर्यादेबाहेर नव्हती. दोन्ही प्लग नवे घातले. हेड कव्हरचं गॅस्केट जागेवर बसलं, बोल्ट टॉर्क रेंचने आवळून झाले. आता राहिलं होतं एक रबर. वहीची दोन पानं उघडून ठेवावीत एवढं, तीनेक मिलिमीटर जाड, वरून काळं आणि खालून चंदेरी. मध्ये दोन भोकं, कडेला चिरा, आणि उजव्या अंगाला जिभेसारखे तीन पट्टे. ते इंजिनाच्या डोक्यावर अंथरायचं, भोकांतून कॉइल खाली सोडायच्या, पट्टे चासीच्या नळीखालून पलीकडे काढून क्लिपमध्ये अडकवायचे. मग वर एअरबॉक्स आणि त्यावर टाकी. वीस मिनिटांचं काम समजून मी हात घातला. रविवारी सकाळी अकरा वाजता ते रबर अजून माझ्या हातात होतं.

माझं गॅरेज टार्नीटला, मेलबर्नच्या पश्चिम टोकाला. आठ वर्षांपूर्वी आम्ही घर घेतलं तेव्हा पलीकडच्या गल्लीत शेतं होती; आता तिथे घरं आहेत आणि निम्म्या दारांवर तोरणं. गाडी जपानी बनावटीची, ६५० सीसी, दोन सिलिंडरची, ४१ हजार किलोमीटर झालेली. ती मी इथल्याच एका माणसाकडून जुनी घेतली आणि तेव्हापासून तिची सगळी कामं स्वतः करतो. पैसे वाचतात हे खरं, कारण इथे वर्कशॉपचा तास शंभर डॉलरच्या वर जातो. पण खरं कारण वेगळं आहे. आमच्या घरात कोणतीही गाडी दुसऱ्याने उघडलेली मला आठवत नाही. फक्त एकदा उघडली होती, आणि त्या एका वेळेची गोष्ट पुढे येईल.

अडचण जागेची होती. टाकी आणि एअरबॉक्स काढल्यावर वरून बघायला मोकळं दिसतं, पण हात घातला की कळतं. डावी-उजवीकडे चासीच्या नळ्या, मागे थ्रॉटल बॉडी, पुढे रेडिएटर, आणि या सगळ्यातून तिरका गेलेला कूलंटचा होज पाइप आणि वायरिंगची जुडी. मोकळी जागा दोन बोटांची. रबर घडी करून आत सरकवलं की ते आत जाऊन उलगडायचं ते नेमकं नको त्या ठिकाणी. एक पट्टा बाहेर काढला की दुसरा आत ओढला जायचा. दुसरा पकडला की चिरेतून वायर निसटायची. शनिवारी संध्याकाळी साडेआठपर्यंत, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात सूर्य मावळेपर्यंत, मी हेच करत होतो. मनगटाची आतली बाजू चासीला घासून सोलली. शेवटी नोज प्लायरने मधला पट्टा धरून जोरात ओढला, आणि चिरेच्या टोकाशी रबर सेंटिमीटरभर फाटलं. आवाजही झाला नाही, फक्त हाताला कळलं. मी पक्कड खाली ठेवली आणि दिवा मालवून आत गेलो.

मी काढताना फोटो काढले होते. आता सगळेच काढतात. पण फोटो पाहिल्यावर कळलं की पहिल्या फोटोआधीच मी होजची क्लिप सोडवून तो बाजूला सरकवला होता. म्हणजे ज्या एका गोष्टीवर सगळं अडलं होतं, ती कोणत्याच फोटोत नव्हती. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये या कामाला एकच ओळ होती: काढलं तसं उलट क्रमाने बसवावं.

रात्री एका मित्राला फोन केला. मंडळाच्या गणपतीत ओळख झालेला, पंधरा वर्षं इथे गाडी चालवणारा, माझ्याहून कितीतरी अनुभवी. तो म्हणाला, "अरे, ते रबर ठेव कपाटात. निम्म्या लोकांनी ते काढून टाकलंय. गाडीला काही होत नाही." त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. इथे व्हिक्टोरियात गाडी दरवर्षी तपासून घ्यायची सक्तीही नाही. रोडवर्दी सर्टिफिकेट लागतं ते विकायच्या वेळी. रबर नसलं तरी गाडी सुरू झाली असती, चाललीही असती, आणि कोणी विचारलंही नसतं.

पण मला ते पटेना. पेट्रोल जळून जेवढी ऊर्जा निघते, तिचा जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा चाकाकडे जातो. उरलेली सगळी उष्णता होते, थोडी सायलेन्सरवाटे आणि थोडी रेडिएटरवाटे बाहेर पडते. मोटरसायकलचा रेडिएटर इंजिनाच्या पुढे असतो आणि त्याचा पंखा गरम हवा मागे, म्हणजे इंजिनावरच, फेकतो. गाडी पळत असेल तर वारा ती ओढून नेतो. सिग्नलला उभी राहिली की तीच हवा इंजिनाला शेकून वर चढते, आणि वर असतं एअरबॉक्सचं तोंड आणि पेट्रोलची टाकी. २० अंशांची हवा ५० अंशांची झाली की सुमारे नऊ टक्के विरळ होते. म्हणजे इंजिनाचा प्रत्येक श्वास तेवढाच उणा. टाकीतलं पेट्रोल तापतं, त्याची वाफ होते, आणि चालवणाऱ्याच्या मांड्या भाजतात. ते रबर या वर येणाऱ्या हवेला अडवतं आणि दोन्ही बाजूंनी खाली वळवतं. शिवाय पावसाचं पाणी आणि धूळ प्लगच्या विहिरींत जाऊ देत नाही. कोणीतरी जपानमध्ये टेबलाशी बसून, उभ्या गाडीत हवा कुठून कुठे जाते हे पाहून ते कापलेलं आहे. त्या चिरा, ते पट्टे विनाकारण नाहीत.

आणि ही गाडी चालते कुठे? ऑस्ट्रेलियात. इथे उत्तरेचा वारा सुटला की तो खंडाच्या आतल्या वाळवंटावरून तापून येतो. २००९ च्या जानेवारीअखेर मेलबर्नमध्ये सलग तीन दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता, आणि ७ फेब्रुवारीला तो ४६.४ वर गेला. त्या शनिवारच्या वणव्यांत १७३ माणसं गेली. मी तेव्हा इथे नव्हतो, पण आल्यापासून प्रत्येक उन्हाळ्यात कोणी ना कोणी त्या दिवसाबद्दल बोलतंच. आजही 'टोटल फायर बॅन' जाहीर झालेल्या दिवशी आम्ही गाडी वाळक्या गवतावर उभी करत नाही, कारण तापलेल्या सायलेन्सरखाली गवत पेटू शकतं. अशा ठिकाणी उष्णता अडवणारी एक वस्तू काढून कपाटात ठेवायची, हे मला जमणार नव्हतं.

आमच्या घरातली गाडी दुसऱ्याने उघडली, त्या एका वेळेची गोष्ट ती हीच. माझ्या वडिलांची, अण्णांची, बजाज चेतक होती. तिच्या इंजिनावर पाणी नाही, रेडिएटर नाही. बाजूला फ्लायव्हीलवरच पंखा असतो आणि सिलिंडरवर एक पत्र्याचं टोपण. पंख्याची हवा त्या टोपणाखालून सिलिंडरच्या पात्यांवर जाते. टोपण सैल असलं तर हवा फटीतून निसटते आणि सिलिंडरला काही मिळत नाही. एकदा अण्णा तापाने आजारी होते म्हणून काकाने गाडी कोपऱ्यावरच्या एका मिस्त्रीला दिली. त्याने टोपण एकाच स्क्रूवर बसवून दिलं. दोन आठवड्यांनी आम्ही तिघं साताऱ्याला निघालो, मी पुढे उभा, आई मागे. खंबाटकी घाटात दुसऱ्याच वळणाला इंजिन अडखळलं आणि पिस्टन जाम झाला. अण्णांनी क्लच दाबला म्हणून चाक अडकलं नाही. घाटाच्या कठड्याशी उभं राहून त्यांनी बाजूचं कव्हर काढलं, टोपणाला बोट लावलं, आणि ते हललं. ते कोणावर ओरडले नाहीत. आईला म्हणाले, "पत्रा आहे नुसता, पण तो नाही म्हणून इंजिन गेलं." मी सात वर्षांचा असेन. ते वाक्य माझ्या अजून कानात आहे.

रविवारी सकाळी शेजारचे गृहस्थ कुंपणावरून डोकावले. हे आल्टोनाच्या टोयोटा कारखान्यात होते, कारखाना ३ ऑक्टोबर २०१७ ला बंद झाला त्या दिवसापर्यंत. त्याच महिन्यात होल्डनचाही शेवटचा कारखाना बंद पडला आणि ऑस्ट्रेलियात मोटारी बनणंच थांबलं. त्यांचं काम दारांची रबरं बसवण्याच्या लाइनवर होतं. मी रबर दाखवलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी वाकवलं, कानाशी नेलं, आणि एवढंच म्हणाले की हे वाळलं आहे, थंड आहे; आधी उन्हात ठेव. हिवाळ्यातल्या पहाटेच्या पाळीला ते लोक रबरं ऊबेत ठेवूनच हातात घेत, हे त्यांनी जाता जाता सांगितलं. इंजिनाच्या आचेने वर्षानुवर्षं शेकलेलं रबर कडक होतं हे मला माहीत होतं, पण ते पुन्हा तापवून मऊ करावं हे सुचलं नव्हतं. मी ते ड्राइव्हवेच्या काँक्रीटवर, चंदेरी बाजू खाली करून, पसरलं. वीस मिनिटांत ते भाकरीसारखं लवायला लागलं. फाटलेल्या टोकाला मी सुपर ग्लूचा एक थेंब लावून घट्ट धरून ठेवलं. ते चिकटलं.

पण लवचीक झालं तरी ते बसेना. मऊ रबर आता सहज घडी होऊन आत जात होतं आणि तितक्याच सहज परत बाहेर येत होतं. दुपारी दोन वाजता मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. जानेवारीत आमची घड्याळं साडेपाच तासांनी पुढे असतात. पिंपळे गुरवला साडेआठ वाजले होते आणि अण्णा चहा घेत होते.

अण्णा एसटीत होते, दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली. अण्णा तिच्याहून दोन वर्षांनी लहान. दापोडीला एसटीच्या गाड्यांच्या बॉड्या बांधल्या जातात, तिथे त्यांची सगळी नोकरी झाली. मी शाळेतून मधल्या सुट्टीत डबा द्यायला जायचो तेव्हा आत सोडत नसत, पण फाटकाच्या जाळीतून दिसायचं.

"काय अडलंय?" त्यांनी विचारलं. मी जागेची अडचण सांगितली. ते म्हणाले, "आधी रबर दाखव. वरून."

मी दाखवलं.

"आता खालून. फोन जरा जवळ घे. परत वरून. उजेडात धर, उजेडात. ती चकाकी कसली आहे?"

काळ्या बाजूवर एक तिरका पट्टा होता, बोटभर रुंद, बाकी रबरापेक्षा गुळगुळीत आणि किंचित चमकदार. मी तो शनिवारपासून पाहत होतो आणि डाग समजत होतो.

"डाग नाही तो," अण्णा म्हणाले. "तिथे काहीतरी घासत होतं, वर्षानुवर्षं. एवढ्या रुंदीचं काय आहे तुझ्याकडे?"

होज. कूलंटचा होज तेवढाच रुंद आणि तसाच तिरका. आणि चकाकी वरच्या बाजूला होती. म्हणजे होज रबराच्या वरून जात होता. मी दीड दिवस रबर होजच्या वर बसवायचा प्रयत्न करत होतो, कारण होज मी खाली दाबून ठेवला होता आणि तो मला तळाचाच वाटत होता. रबराला जागा मिळत नव्हती ती त्यामुळे. रबर उघड्यावर, हातात होतं, आणि त्याच्यावर ते कुठे बसायचं हे लिहिलेलं होतं. मला वाचता आलं नाही. अण्णांनी नऊ हजारांहून जास्त किलोमीटरवरून, चहाचा कप न ठेवता, ते वाचलं.

"आता पट्टे," ते म्हणाले. "ओढू नकोस पकडीने. फाटलंय ना?"

मी फाटल्याचं सांगितलं नव्हतं. त्यांनी चिकटवलेलं टोक पाहिलं होतं.

"सुतळी आहे?"

सुतळी होती. टोमॅटोची रोपं बांधायला आणलेली, बागेच्या खोलीत. अण्णांनी सांगितलं तसं मी तिचे तीन तुकडे कापले, हात-हातभर लांब, आणि तिन्ही पट्ट्यांच्या टोकाच्या क्लिपच्या भोकांत ओवून गाठी मारल्या. मग एका जुन्या सायकलच्या आरीला टोकाशी आकडा वाकवला. रबर बाहेरच ठेवून आधी फक्त सुतळ्या पलीकडे न्यायच्या: आरी उजवीकडून चासीच्या नळीखालून आत सरकवायची, सुतळीचं टोक आकड्यात धरायचं, ओढून घ्यायचं. रबराला जी वाट दीड दिवस सापडली नव्हती, ती सुतळीला पाच मिनिटांत सापडली. तीन टोकं गाडीच्या उजव्या अंगाला लोंबायला लागली.

हे करताना मला ते जाळीतून पाहिलेलं आठवलं. लाल गाडीची पुढची काच बसवताना काचेभोवती रबराची पट्टी चढवतात आणि रबराच्या बाहेरच्या खाचेत सुतळी गुंडाळतात. काच बाहेरून चौकटीला लावून एक जण तळहाताने दाबतो. आत बसलेला माणूस सुतळीचं टोक हळूहळू ओढत जातो, आणि सुतळी निघेल तसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवर चढत जातो. आत बसलेले अण्णा असायचे. जोर लागत नाही; बाहेरच्याने दाबायचं तेवढंच आतल्याने ओढायचं. शेवटचं टोक निघालं की काच बसलेली असते.

"साबण लाव," अण्णा म्हणाले. "तेल नको. ग्रीस तर नकोच."

रबर तेल पितं, फुगतं आणि पुढे मऊ होऊन लोंबतं. साबणाचं पाणी मात्र घसरण देतं आणि वाळून जातं. भांडी घासायच्या साबणाचं पाणी मी ब्रशने दोन्ही बाजूंना आणि चासीच्या नळीखाली लावलं. होज वर उचलून त्याची क्लिप बांधून टाकली. मुलीला हाक मारली, कारण आता चार हात हवे होते. ती दहा वर्षांची आहे. तिला उजवीकडे बसवलं, तीन सुतळ्या तिच्या हातात दिल्या आणि सांगितलं की मी म्हणेन तीच ओढायची, तेवढीच. अण्णा डब्याला टेकवलेल्या फोनवरून पाहत होते.

"पुढची. थोडी. थांब. मधली. अजून थोडी."

डावीकडून मी दोन बोटांनी रबर होजखाली ढकलत होतो. पहिल्यांदाच ते माझ्या बोटांना विरोध करत नव्हतं, तर पुढे जात होतं. पुढचा पट्टा नळीखालून बाहेर आला. मग मागचा. मधला होजच्या क्लिपला अडला, मुलीने सुतळी ताठ धरून ठेवली, मी बोटाने कड उचलली, आणि तोही आला. रबर इंजिनावर पसरलं. चकाकणारा पट्टा होजच्या बरोबर खाली, केसभरही इकडेतिकडे नाही. दोन्ही भोकं प्लगच्या विहिरींवर. मी कॉइल सोडल्या, त्या खटकन बसल्या.

सुतळ्या कापून मी क्लिपा लावल्या, वायरिंग जोडलं आणि एअरबॉक्स उचलला.

"किती सुतळ्या लावल्या होत्यास?" फोनमधून आवाज आला.

"तीन."

"बाहेर किती आल्या?"

मी जमिनीवर पाहिलं. मुलीच्या हातात एक होती, माझ्या पायाशी एक. दोन.

"तिसरी शोध," अण्णा म्हणाले. "तोवर काही बसवू नकोस."

एअरबॉक्स परत खाली ठेवला. टॉर्च घेऊन आत पाहिलं, रबराच्या कडेने बोट फिरवलं. काही नाही. गुडघ्यावर बसून पुढून, रेडिएटरच्या मागून पाहिलं, तेव्हा मधल्या पट्ट्याच्या गाठीचा तुकडा दिसला. कापताना निसटून तो खाली सायलेन्सरच्या पाइपावर जाऊन पडला होता. इंजिन सुरू झालं असतं तर दोन मिनिटांत धुमसला असता, साबणाच्या पाण्याने ओला होता तरीही. आरीच्या आकड्याने तो काढला आणि तिन्ही तुकडे फोनसमोर धरले. अण्णांनी मोजले. मग म्हणाले, "हां. आता टाकी लाव," आणि चहा गार झाल्याचं आईला सांगायला उठले.

टाकी लावून संध्याकाळी सहाला गाडी काढली. बाहेर अजून ३६ अंश होते. वेरिबीवरून लिटल रिव्हरच्या बाजूला गेलो, उजवीकडे यू यँग्सच्या टेकड्या धुरकट दिसत होत्या. परतताना रेल्वे फाटक लागलं आणि लांबलचक मालगाडी यायला लागली. मी इंजिन मुद्दाम सुरू ठेवलं. तापमानाचा आकडा चढत गेला, शंभराच्या आसपास पंखा घरघरला. गरम हवा नडग्यांवर आली, बुटांवर आली, खाली डांबराकडे गेली. टाकीला लावलेल्या गुडघ्यांना काहीही लागलं नाही. डबे मोजायला मी विसरलो, पण मालगाडी संपेपर्यंत पंखा दोनदा बंद होऊन दोनदा सुरू झाला.